थोरलीचा उन्हाळा

रुईचं झाड मरत नाही, हे बऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, ऊन त्याचं काही वाकडं करत नाही, आणि पाणी तर त्याला कुणी जन्मात घातलेलं नसतं. पडक्या कोटाच्या दगडांत, मसणवाटेच्या कडेला, जिथं दुसरं काही उगवायला राजी नसतं, तिथं रुई उगवते आणि वर फुलतेही. असल्या झाडाला मरणाच्या दारात न्यायचं तर घराण्यातच काहीतरी विशेष असावं लागतं. ते उखर्डूच्या घराण्यात होतं.

संवत छप्पनचा दुष्काळ मागं पडून दहा-बारा वर्षं झाली होती. उखर्डू चाळिशीला टेकला होता आणि अजून बिनलग्नाचा होता. त्याच्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं, धुरपदाबाईनं, याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवून आणलं आणि मरणाची नजर लागू नये असं नाव ठेवलं. मरणानं त्याच्याकडे पाहिलं नाही हे खरं, पण मुलींच्या बापांनीही पाहिलं नाही. आधी दुष्काळ आडवा आला, मग प्लेग, मग वय. राजघाटाखाली तापीच्या वाळूत तो टरबुजांची वाडी करायचा आणि वेलांशी बोलायचा, कारण दुसरं कोणी ऐकायला नव्हतं.

टरबुजं बाजारात विकायचं काम गोदाबाई करायची. तरुणपणीच नवरा वारलेला, भावाच्या, सुकलालच्या, घरी राहायची. टरबुजावर बोट वाजवून ती सांगायची, हे आज कापा, हे परवा, आणि तिचं कधी चुकत नसे. उखर्डूला तिच्याशी बोलायचं होतं, पण तो दोन उन्हाळे नुसता टरबुजांबद्दलच बोलत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "वाडीवाले, जे काय विचारायचं ते माझ्या भावाले विचारा. टरबुजाले कायले विचारू राहिले?"

सुकलालनं हो म्हटलं, पण अर्ध्या मनानं. खकनार गावचा एक बडा शेतकरीही गोदाबाईला पाट लावून, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करून, न्यायला तयार होता, आणि त्याची बैलांची दावण पाहून सुकलालचे डोळे दिपले होते. पण बहिणीचा कल कुणाकडे आहे हे त्याला कळत होतं, म्हणून वैशाखी अमावास्येला उखर्डूशी पाट लावायचं ठरलं.

आता अडचण एकच. बिनलग्नाच्या गड्याला विधवेशी एकदम पाट लावता येत नाही. त्याचं पहिलं लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचं, म्हणजे तो लग्नाचा होतो आणि मग पाटाला मोकळा. हा जातीचा रिवाज आणि तो सगळे पाळत. माळावर जायचं, एखाद्या रुईला हळद लावायची, हार घालायचा, जोशीबुवांनी काहीतरी पुटपुटायचं आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं. झाड तिथंच राहतं, नवरा वळूनही पाहत नाही. आजवर या लग्नात कोणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

पण धुरपदाबाईनं सून उंबऱ्यावरून आत येण्याची अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. ती म्हणाली, "माझ्या एकुलत्या एका पोराचं पयलं लगन, अन् बोडख्या माळावर लावून तिले तिथंच टाकून येऊ? सून घरी आलीच पाहिजे."

"माय, झाड हाय ते," उखर्डू म्हणाला.

"तूही झाडासारखाच हायस. जमंल तुमचं."

झालं. आखाजीचा मुहूर्त धरला, कारण अक्षय्य तृतीयेला पंचांग बघावं लागत नाही. कोटाबाहेरच्या माळावर एक चांगली डेरेदार रुई निवडली आणि खणायला सुरुवात केली. रुईचं मूळ खाली खाली जातच राहिलं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा वैतागून उखर्डूनं ते कुऱ्हाडीनं तोडलं. धुरपदाबाई म्हणाली, पोरीची जात, माहेर सुटताना काहीतरी तुटतंच.

एवढ्यात जकात नाक्यावरचा शिपाई धावत आला. जागा म्युनिसिपालटीची, झाड म्युनिसिपालटीचं, कोणाला विचारून नेता, असं त्यानं दरडावलं. दिगंबर जोशीबुवांना नाहीतरी कन्यादानाला मुलीकडचं माणूस हवंच होतं. ते शांतपणे म्हणाले, "मुलगी तुमच्या ताब्यातली ना? मग बापाच्या जागी तुम्हीच बसा." शिपायानं क्षणभर विचार केला, बूट काढले, पट्टा सैल केला आणि बसला. पुरणपोळ्या त्यानं व्याह्याच्या मानानं हाणल्या आणि बैलगाडी निघताना खरोखर डोळे पुसले. त्या दिवशी गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेत होत्या आणि एकटी ही रुई वाजतगाजत सासरी निघाली होती.

अंगणात मधोमध आळं करून तिला लावलं. उखाणा उखर्डूनं एकट्यानंच घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पानं खाली लोंबत होती. धुरपदाबाई म्हणाली, नवी आहे, लाजते. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली, तेव्हा ती म्हणाली, सकाळी लवकर उठायची सवय नाही वाटतं. त्याच दिवशी सुकलाल पाटाचं बोलणं पक्कं करायला आला.

त्यानं अंगणात झाडाला एक फेरी मारली आणि एक पिवळं पान उलटून पाहिलं. मग बोलला, "उखर्डूभाऊ, मी जनम इथंच काढला. रुई मरताना कधी पायली नाही. तुमच्या घरी तीन दिवसांत ही दशा. जो रुई जगवू शकत नाही, त्याच्या घरी मी माझी बहीण देऊ?"

बोलणं बिनतोड होतं.

"अमावास्येले मी पंच घेऊन येतो," सुकलाल म्हणाला. "झाड जित्तं असलं तर पाट तुमच्याशी. नही तर खकनारवाल्याले मी होकार कळवतो."

ही गोष्ट अर्थातच तासाभरात सगळ्या आळीत पसरली आणि आळी मदतीला धावली. वैशाख महिना होता. बायका पहाटे राजघाटावर स्नानाला जात आणि येताना तांब्या भरून आणत. तहानलेल्याला पाणी पाजण्याइतकं वैशाखात पुण्य नाही. इतकी वर्षं हे पाणी पिंपळाला मिळायचं. आता आळीतच एक तहानलेली नवी नवरी होती. शेजारच्या सोजरबाईनं पहिला तांब्या ओतला आणि मग रांगच लागली. बायका आल्या, त्यांच्या जावा आल्या, दोन आळ्या पलीकडच्या, ज्यांना उखर्डू कोण हेही ठाऊक नव्हतं, त्याही आल्या. अंगणात एवढा चिखल झाला की धुरपदाबाईची कोंबडी त्यात रुतली.

पाण्यावरच थांबले असते तर आळी कसली? उन्हाची लू लागू नये म्हणून कोणी फांदीला कांदा बांधला. कोणी मुळाशी कैरीचं पन्हं ओतलं, कोणी ताक. दिगंबर जोशीबुवांनी स्वतःची छत्री दिली आणि ती धरायला नवरा सोडून दुसरा कोण? उखर्डू वाडी टाकून दिवसभर छत्री धरून उभा राहू लागला. धुरपदाबाईचं निदान वेगळं होतं. आखाजीला पोरीला माहेर दाखवायचं सोडून आपण ती माहेराहून उचलून आणली, म्हणून ती झुरते आहे. आता एवढी खोल रोवलेली सून माहेरी पाठवायची तरी कशी?

शिपाईही अधूनमधून लेकीला बघायला यायचा. पानं झडताना पाहून त्याचा आवाज चढला. "नांदवता येत नसंल तर परत द्या. पोरगी सरकारी हाय, ध्यानात ठेवा." मग चहा पिऊन जायचा.

उखर्डू हे हसण्यावारी नेऊ शकत नव्हता. एकेक पान गळायचं तेव्हा त्याला खकनारची बैलगाडी दिसायची. तापीच्या वाळूत एवढे वेल त्यानं जगवले आणि इथं हात टेकले, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

एकदा तो घटकाभर वाडीत गेला तर गोदाबाई टरबुजं घ्यायला आलेली. तिनं विचारलं, "पानी कोन घालते?"

"सगळेच."

"तुमी?"

"ते गेले की मग मी."

गोदाबाईनं हातातलं टरबूज खाली ठेवलं. "टरबुजाच्या वेलाले एवढं घालता का?"

"टरबूज म्हंजे टरबूज. ती बायको हाय."

गोदाबाईला हसू फुटलं आणि मग ते एकदम थांबलं. ती म्हणाली, "तिचं मूळ तुमी तोडलं. आता ती एवढ्या पानांले कुठून पुरवंल? वझं उतरवा तिचं. पानी बंद करा, माळाची कोरडी माती घाला अन् उन्हातून आड करा. बस."

"म्हंजे कापायची?"

"हो."

उखर्डूनं मान हलवली, पण ती कोणत्या दिशेनं हे त्याचं त्यालाच कळलं नाही. घरी येऊन त्यानं निदान पाणी थांबवून पाहिलं. दारात काठी घेऊन बसला. सोजरबाई भरला तांब्या घेऊन आली आणि काठी पाहून तिथंच कडाडली, "वैशाखात पान्याले नही म्हनतो? अन् ते बी सोताच्या बायकोले?" धुरपदाबाई रडायला लागली, की पोरगा थोरलीला तहानेनं मारतो आहे, धाकटी आणायची म्हणून. यापुढं कोणाचा टिकाव लागतो? काठी गेली, तांबे सुरू झाले.

मग एका दुपारी, आळी दारं लोटून झोपली होती आणि रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, तेव्हा उखर्डू वाडीतून आला आणि अंगणात थिजून उभा राहिला. गोदाबाई तिथं होती. हातात कोयता. रुईच्या सगळ्या फांद्या कापून बाजूला टाकलेल्या आणि जमिनीतून नुसती वीतभर खुंटं वर आलेली. चिखलातून तिनं पाण्याला वाट काढून दिली होती. शेजारी माळाच्या मातीनं भरलेली टोपली. एवढी टोपली भर उन्हात डोक्यावरून आणली होती, आणि तिचं डावं मनगट नीट वळतही नव्हतं. ते मनगट कसं वाकडं झालं हे गावाला माहीत होतं. भाकरी करपली म्हणून तिच्या मेलेल्या नवऱ्यानं ते पिरगाळलं होतं.

"नुसते बघू नका," ती हळूच म्हणाली. "हा कोयता घ्या अन् चिखल काढा."

त्यानं कोयता घेतला. दोघांनी मिळून चिखल उपसला, कोरडी माती भरली, वर सावलीला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आडव्या टाकल्या. दोघं एकत्र करत असलेलं हे पहिलंच काम होतं आणि उखर्डूला ते संपू नयेसं वाटत होतं.

ते संपलं धुरपदाबाईच्या किंकाळीनं. ती पाणी प्यायला उठली होती. तिनं खुंटं पाहिली, गोदाबाईला पाहिलं, आणि ओरडली, की सवतीनं थोरलीला कापलं. दारं उघडली. झोपेतून उठलेली आळी अंगणात भरली. विधवा बाई, पाट लागायच्या आधी, भर दुपारी, होणाऱ्या नवऱ्याच्या घरात, आणि पुढ्यात कापलेली थोरली. गोदाबाईचं काय झालं असतं हे सांगायला नको.

"मी कापलं," उखर्डू म्हणाला.

सगळ्यांचं लक्ष त्याच्या हातातल्या कोयत्याकडे गेलं.

"अन् ही कायले आली?" सोजरबाईनं विचारलं.

"थोरलीच्या माहेरची माती घेऊन आली. मीच सांगितली होती आनायले."

गोदाबाईनं तोंड उघडलं. उखर्डूनं तिच्याकडे असं पाहिलं की आयुष्यात पहिल्यांदा ती काही न बोलता गप्प बसली.

त्या दिवसापासून उखर्डू आळीत बायको कापणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या घरचं कोणी पाणी पिईना. धुरपदाबाई भिंतीकडे तोंड करून निजली. शिपायानं पुरणपोळी खाल्ल्याचा पश्चात्ताप चारचौघांत बोलून दाखवला. आणि तांबे बंद झाले, कारण जिची खांडोळी झाली तिला पाणी घालून पुण्य कसलं? झाडाला जे हवं होतं ते त्याला असं मिळालं. पण सुकलालनं बहिणीचं बाहेर जाणं बंद केलं आणि खकनारवाल्याला अमावास्येलाच संध्याकाळी यायचा निरोप धाडला.

उखर्डू रोज पहाटे खुंटांपासून जरा लांब थोडंसं पाणी सोडायचा आणि पऱ्हाट्या सारख्या करायचा. वाडीत कोल्हे टरबुजं फोडून खात होते, तिकडे तो फिरकलाही नाही. खुंटांपाशी बसून तो बोलायचा. काय गं, दुखतं का, असं विचारायचा. आपण थोरलीशी बोलतो आहोत की गोदाबाईशी, याचा त्यानं फार शोध घेतला नाही. गोदाबाई आपल्याला मिळणार नाही असं त्याला आता वाटू लागलं होतं, आणि रोजची अर्धी भाकरी तो कोंबडीपुढं टाकायचा.

अमावास्येच्या सकाळी पंच आले. पुढं जातीचे म्होरके कडू पाटील, मागं जोशीबुवा, सुकलाल, वधूपिता म्हणून शिपाई, आणि तमाशा बघायला सगळी आळी. गोदाबाई बायकांत डोक्यावरून पदर घेऊन बसली. धुरपदाबाई ओट्यावर आली, पण पोराकडे पाठ करून. पऱ्हाट्या बाजूला काढल्या. खाली करड्या खुंटांवर एक पान नव्हतं, एक कोंब नव्हता.

"मेली," शिपाई म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"थांबा," जोशीबुवा म्हणाले. "मेली असेल तर उखर्डूला सुतक. सुतकात पाट लागत नाही. आणि सुतक वधूच्या बापालाही."

"मले कसलं सुतक? मी नोकरीवर हाय," शिपाई म्हणाला आणि टोपी परत घातली.

कडू पाटलांनी सगळ्यांना गप्प केलं. ते म्हणाले, जित्त्या रुईला कुठंही खरचटलं तरी पांढरा चीक येतो, मेलेलीला येत नाही. त्यात वाद घालायचं कारण नाही. कोयत्याचं टोक टेकवलं की झालं. "पन ते नवऱ्यानं करावं. परक्यानं तिच्या अंगाले हात लावायचा नही."

उखर्डूच्या हातात कोयता दिला. तो खुंटांपुढं उकिडवा बसला. हात पुढं नेला, मागं घेतला, परत नेला. कपाळावरचा घाम नाकावरून खाली पडला.

"लाव की," पाटील म्हणाले.

"पाटील, माझ्यानं होत नही," उखर्डू म्हणाला. "आधीच लई लागलं हाय तिले."

आळी खदखदून हसली. सोजरबाई तर पदरात तोंड घालून हसली. सुकलाल तेवढा हसला नाही.

"त्या दिवशी तर सगळी छाटली म्हने तुमी," तो म्हणाला.

"हो."

"मग आज नुसतं टोक लावाले हात मागं सरते?"

उखर्डूनं कोयत्याच्या पात्यावरची माती बोटानं पुसली.

"कापलं कोनं, उखर्डूभाऊ?"

"मीच."

"मग लावा टोक."

उखर्डूनं कोयता उचलला आणि पुन्हा खाली केला. एवढं खोटं बोलायला त्याला जमलं होतं, पण ते हातानं करून दाखवायला जमेना.

"दादा, मी कापलं," बायकांतून गोदाबाई म्हणाली. "जगावी म्हनून कापलं. यायनं माझ्यासाठी सोतावर घेतलं."

हसणं बंद झालं. सुकलालनं बहिणीकडे पाहिलं आणि त्याची नजर तिच्या मनगटावर जाऊन थांबली. मनगट मोडलं तेव्हा ती रडत माहेरी आली होती, आणि संसारात भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणून यानंच तिला परत पोचवलं होतं. खकनारवाल्याचे बैल तर त्यानं दात उघडून पाहिले होते. तो माणूस घरात कसा वागतो हे विचारायचं त्याला आजवर सुचलंही नव्हतं.

"पाटील," तो म्हणाला, "पाट लावून टाका. झाड मेलं असलं तरी माझी ना नही, खकनारवाल्याले मी परत धाडतो. ज्याचा हात रुईवर उचलत नही, त्याच्या घरी माझी बहीण सुखात राहील."

"ते ठीक. पन सुतकाचं काय?" पाटलांनी विचारलं, कारण ते पंच होते आणि प्रश्न खरोखर अनिर्णित होता.

तेव्हा धुरपदाबाई ओट्यावरून उतरली. कोणाला न विचारता खुंटांपाशी बसली आणि मातीलगत नखानं हलकेच खरवडलं. सगळे वाकले. आधी काही झालं नाही. मग तिथं पांढरा थेंब आला, मोठा झाला आणि ओघळला. धुरपदाबाईनं तो पदरानं टिपला.

"जित्ती हाय माझी सून," ती म्हणाली. मग मान वर न करता विचारलं, "गोदे, एवढी खाली कायले कापली?"

"खालून जोरानं फुटते, आत्याबाई."

"मग आधी सांगायचं ना. मी आपली पानी घालत बसली."

उखर्डू कोयता हातात धरून तिथंच बसला होता, आता तो कुठं ठेवावा हे न सुचून. गोदाबाई बायकांतून उठली, सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर आली आणि त्याच्या हातातून तो काढून घेतला. तिचं मनगट मोडलं तेव्हा ती सगळ्या गावासमोर रडली होती. त्यानंतर कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पदर डोक्यावर असूनही तिनं तोंड झाकलं नाही.